क्षमा व कृपा (ख्रिस्ती आचारातील)

ख्रिस्ती श्रद्धेनुसार देवाची कृपा पुण्याईने मिळवता येत नाही. ती फुकट मिळते. म्हणूनच ती मिळालेल्याने इतरांचे अपराधही माफ करायचे असतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायात प्रचंड कर्ज माफ झालेला चाकर किरकोळ देण्यासाठी सोबत्याचा गळा धरतो, आणि मिळालेली माफीही गमावतो. इतरांना माफ करण्याची ही अट प्रभूच्या प्रार्थनेत रोज उच्चारली जाते.

वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनऱ्यांनी ही शिकवण आणली. अकोला हे अलायन्स मिशन या मिशनरी संस्थेचे महत्त्वाचे ठाणे होते. या शहरात ही शिकवण मराठीतून सांगितली गेली.

मात्र क्षमेचा संसारी तपशील हवा असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र उघडावे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. काही वर्षे नवराबायको वेगळे राहिले. पुढे त्या परतल्या आणि 1900 मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या. टिळक तापट, हातचे देऊन टाकणारे. लक्ष्मीबाई हे काहीच झाकत नाहीत, पण सूडही उगवत नाहीत. दुखावलेपण विनोदात विरघळवण्याची ही हातोटी एखाद्या प्रवचनापेक्षा अधिक पटते.

कृपा फुकट मिळते या श्रद्धेला साजेसा, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सर्वांसाठी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ टिळकांनी 1917 मध्ये काढला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले; ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिले.