पावसाळ्यात उभ्या गाडीची बॅटरी : प्रस्तावना

हिवाळ्यात बंद ठेवलेल्या मोटरहोमची बॅटरी सूर्यप्रकाशावर भरलेली कशी ठेवावी, यावर युरोप-अमेरिकेत भरपूर लिहिलं गेलं आहे. ते वाचणाऱ्या, कल्याणजवळच्या आंबिवलीत राहणाऱ्याची मात्र पहिल्याच पानावर पंचाईत होते. इथे हिवाळा म्हणजे गाडी बाहेर काढायचा मोसम. गाडी उभी राहते ती जूनमध्ये, ताडपत्री आवळून, आणि सुटते ती गणपतीला गावी जाताना. ऋतू बदलला की या शास्त्रातली निम्मी उत्तरं बदलतात. हे पुस्तक त्या बदललेल्या उत्तरांचं आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तरी आपल्या रस्त्यांवर कॅरव्हान अजून विरळाच. पण हा विषय त्यांच्यापुरता नाही. मेच्या सुट्टीत ओळीने उभ्या असलेल्या स्कूलबस घ्या. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढलेल्या यांत्रिकी नौका घ्या. त्यांच्या वायरलेसलाही बॅटरीच लागते. मार्च २०२०च्या टाळेबंदीनंतर कल्याण-डोंबिवलीच्या किती सोसायट्यांत गाड्या ढकलाव्या लागल्या, ते वाचकांना आठवत असेल. या सगळ्यांचा आजार एकच आहे.

त्या आजाराचं मूळ आंबिवलीकराला परक्या रसायनात शोधायला नको. शेजारच्या मोहन्याच्या नॅशनल रेयॉन (एनआरसी) कारखान्यात २००९पर्यंत रेयॉनचा धागा निघायचा तो गंधकाम्लाच्या द्रावणातून. जवळच्या शहाडलाही तोच धंदा. शिसे-आम्ल बॅटरीत पातळ केलेलं तेच गंधकाम्ल असतं. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिश्याचं सल्फेट बसतं. ताजं असताना ते बारीक असतं आणि चार्जिंगने परत विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे मोठे, कडक स्फटिक होतात, आणि मग कितीही चार्जिंग केलं तरी ते हलत नाहीत. गॅरेजवाला ‘बॅटरी बसली’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हेच घडलेलं असतं. वापराने बॅटरी झिजते हे खरं, पण उभ्या गाडीची बॅटरी मरते ती उपाशी राहून.

युरोपातल्या लेखकाला धास्ती थंडीची. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठून खोकं फुटू शकतं. भरलेल्या बॅटरीला मात्र उणे ५०चीही फिकीर नसते. पण तीच थंडी बॅटरीची आपोआप होणारी गळती मंद करते. आपल्याकडे उलटं. तापमान १० अंशांनी वाढलं की गळती साधारण दुप्पट होते. शिवाय गाडी बंद असली तरी अलार्म, घड्याळ, संगणक थोडी वीज खातच असतात. ती ३० मिलिअँपिअर धरली तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी जून-जुलै या दोन महिन्यांत, स्वतःची गळती धरून, निम्म्याहून खाली येते.

यावर दोन घरगुती उपाय सांगितले जातात. टर्मिनल काढून ठेवणं चांगलंच, पण त्याने बॅटरीची आतली गळती थांबत नाही. आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवणं हा मात्र बहुतेक वेळा डिझेलचा धूर. शिसे-आम्ल बॅटरीचा शेवटचा हिस्सा भरायला तासन्तास लागतात, आणि नेमका तोच राहून गेला की स्फटिक धरतात. हळू, रोज, थोडं थोडं भरणं हेच हवं, आणि त्यासाठी सौर पॅनल सोयीचं.

आता सूर्याकडे. ५२ अंश अक्षांशावर डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही लहान आणि सूर्य दक्षिणेला जमिनीलगत. म्हणून तिथे पॅनल चढं उभं करतात. आंबिवलीत जुलैचा दिवस तेरा तासांचा. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो. त्यात ढग, म्हणजे उजेड एका दिशेने न येता सगळ्या आभाळातून झिरपतो. तेव्हा पावसाळ्यात पॅनल जवळजवळ आडवं ठेवावं, पाणी आणि चिखल ओघळून जाण्यापुरताच उतार द्यावा. दक्षिणेकडे तिरपं करण्याचा सल्ला इथे वर्षभराच्या उत्पन्नासाठी ठीक, या चार महिन्यांसाठी नाही. वरच्या हिशोबातल्या बॅटरीला दिवसाला साधारण १२ वॉट-तास पुरतात. २० वॉटचं पॅनल झड लागलेल्या दिवसांतही बहुधा तेवढं देतं. मात्र ते ताडपत्रीच्या वर हवं.

पॅनल आणि बॅटरीच्या मधे, बॅटरीला मिळणारा व्होल्टेज आवरायला, चार्ज कंट्रोलर हवाच. २५ अंशांवर १३.६ व्होल्ट योग्य असतील, तर ४० अंशांवर १३.३च्या आसपास पुरेत. नाहीतर बॅटरीतलं पाणी उडतं, हायड्रोजन साचतो. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचा स्वभाव वेगळा. ती अर्धी भरून, तारा सोडवून ठेवली की तिला रोजचा घास लागत नाही. तिला वेगळं प्रकरण दिलं आहे, छोटंच.

इतिहासाचं प्रकरण मला स्वतःला सर्वांत आवडतं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली शिसे-आम्ल बॅटरी घडवली, तेव्हा ती भरायला नीटसं जनित्रही नव्हतं. दुसऱ्या, एकदाच वापरायच्या घटांवर ती भरत. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली सिलिकॉनचा सौरघट दाखवला, आणि पुढच्याच वर्षी जॉर्जियातल्या अमेरिकस गावी तो खेड्यातल्या टेलिफोन लाइनच्या बॅटऱ्या भरायला लावला. दूरची, एकटी पडलेली बॅटरी भरत राहणं हे सौरघटाचं अगदी सुरुवातीचं काम होतं.

पुस्तक वाचायला रसायनशास्त्राची पदवी नको, एक साधा मल्टिमीटर हवा. बॅटरी रात्रभर कशालाही न जोडता ठेवा आणि सकाळी मोजा. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. आकडा १२.४च्या खाली असेल, तर आधी चौथं प्रकरण उघडा आणि बॅटरी चार्जिंगला लावा. सिद्धान्ताची पहिली तीन ती भरेपर्यंत वाचून होतील.