चाकूठोकळा

चाकूठोकळा : चाकू-सुऱ्या पात्याकडून खोचून ठेवण्याचा खाचांचा ठोकळा, सागवान, बाभूळ किंवा बांबूचा. सुरतच्या लिंबायत, उधना भागांतल्या खानदेशी मराठी घरांना विळीची सवय. पाते पाटावर मिटले की काम संपले. चाकूंना मात्र जागा लागते. खणात चाकू एकमेकांवर आपटले की धार बोथट होते.

सुरत तापीकाठी आणि समुद्राजवळ असल्याने पावसाळ्यात हवा फार दमट. ओला चाकू खोचला की खाचेत बुरशी धरते, साध्या पोलादाला गंज चढतो. हिवाळ्यात उंधियू या मिश्र भाजीसाठी कंद चिरताना चिकट रस पात्यावर राहतो. तो धुऊन, पाते मुठीपर्यंत कोरडे पुसूनच चाकू ठेवावा.

ठोकळा घेताना बूड जड, खाचा आपल्या पात्यांहून लांब आणि शक्यतो आडव्या असाव्यात. पाते आडवे राहिल्याने धार लाकडावर घासत नाही. उभ्या खाचेत पात्याची पाठ टेकवून सरकवावे. अधूनमधून ठोकळा उलटा झटकून, बाटलीच्या ब्रशने खाचा घासून सावलीत उलटाच वाळवावा. खाद्यतेल लावू नये, ते खवट होते. खाचेतून कुबट वास जात नसेल तर ठोकळा बदलावा.