मोबाइल कंपनी बंद होणार असेल, तर तुम्हाला किती दिवस आधी कळवायला हवं?

किमान 30 दिवस. परवाना परत करणाऱ्या कंपनीने केंद्राच्या दूरसंचार विभागाला 60 दिवस आधी आणि प्रत्येक ग्राहकाला 30 दिवस आधी नोटीस द्यायची, अशी 'युनिफाइड लायसन्स'ची अट आहे.

यात सर्कल महत्त्वाचं. वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. मोबाइलच्या नकाशावर मात्र ती आधीपासून 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये आहे. या सर्कलमध्ये गोवा येतं, मुंबई येत नाही. त्यामुळे मुंबईत सुरू असलेली कंपनी वाघोलीत बंद होऊ शकते. एअरसेलने 30 जानेवारी 2018 पासून सहा सर्कलमधली सेवा थांबवायचं ठरवलं, त्यात महाराष्ट्र होतं, मुंबई नव्हती. नंबर वाचवायला 'ट्राय'ने ग्राहकांना 10 मार्चपर्यंत मुदत मिळवून दिली.

अशी मुदत दरवेळी मिळेलच असं नाही. बँकेचा ओटीपी, आधार सगळं त्याच नंबरवर, आणि नोटिशीचा एसएमएस ऑफरच्या गर्दीत सहज हरवतो. नेटवर्क गेल्यावर पोर्टसाठी एसएमएससुद्धा जात नाही! म्हणून रेंज असतानाच इंग्रजीत 'पोर्ट', स्पेस, 10 अंकी नंबर असं लिहून 1900 वर पाठवा. येणारा कोड एरवी चारच दिवस चालतो. प्रीपेड बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, तो आधी वापरून टाका.

फक्त 3जीसारखं तंत्रज्ञान बंद झालं, तर गोष्ट वेगळी. एअरटेलने 2019 मध्ये कोलकात्यापासून तशी सुरुवात केली. परवाना कायम राहतो. नंबरही तोच राहतो, जुन्या हँडसेटवरचं इंटरनेट तेवढं मंदावतं.