यमक

यम आणि यमी ही वेदांतली जुळी भावंडं. संस्कृतात ‘यम’ म्हणजे जुळा. त्यावरूनच आलं ‘यमक’. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. या जुन्या यमकात तीच अक्षरं पुन्हा यायची, पण अर्थ बदलून. ‘कर जोडतो, कर माफ करा’ यातला पहिला कर हात, दुसरा सरकारी. वामनपंडितांना या खेळाचा इतका नाद, की ‘यमक्या वामन’ हे नावच त्यांना चिकटलं. मराठीत पुढे ओळींच्या शेवटी जुळणारा उच्चारही यमकच ठरला. संस्कृत पंडित त्याला अंत्यानुप्रास म्हणतात. तेव्हा ‘पायरी’ला ‘डायरी’ जोडून खूश होणारा नवकवी भरतमुनींच्या परीक्षेत नापासच व्हायचा!