तारापूरचा तट आणि गाझाची वाट

गाझा व इस्राएल येथील संहाराची वृत्ते वाचताना मन आपल्याच तारापूरच्या तटाकडे वळते. फिरंगी हे समुद्रापलीकडून आलेले राज्यकर्ते. तेव्हा साम्य पुरते नाही, हे उघडच आहे. पण भूमी आणि धर्म यांपायी माणूस कसा मरतो, हे त्या तटाने पाहिले आहे.

जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तो फोडला. हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्यांच्या मातोश्रींस पेशव्यांच्या घरून सांत्वनपत्र गेले. ते आजही कोरड्या डोळ्यांनी वाचवत नाही. तटाच्या दोन्ही अंगांस जे सामान्य शिपाई पडले, त्यांच्या आयांस असे पत्र कोण धाडणार?

पुढे मे महिन्यात वसई शरण आली. हजारो माणसे गमावून बसलेल्या विजेत्यांनी तहात रहिवाशांस कुटुंबकबिला व चीजवस्तूंसह जाण्याची, राहणारांस आपला धर्म पाळण्याची मुभा दिली. अर्थात, जे गेले त्यांची शेतेवाडे सुटलीच.

पॅलेस्टाइनात 1948 च्या युद्धात सुमारे 7 लाख अरब बेघर झाले व त्यांस परतू दिले गेले नाही. गाझाची बहुतेक वस्ती त्यांचीच व त्यांच्या वंशजांची. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासप्रणीत हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे 1200 माणसे मारली गेली, अडीचशेंच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या इस्राएली हल्ल्यांत, गाझाच्या आरोग्यखात्याच्या गणतीप्रमाणे, 60 हजारांहून अधिक जीव गेले. वसईकरांस निदान समुद्राची वाट मोकळी होती. गाझातील बहुतेकांस तीही नव्हती.