सक्तीची भरती आणि आपण

लातुरात पहाटे फिरायला निघालं की रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरं दिसतात. सैन्यभरतीची तयारी. २०२२ पासून अग्निपथ आली, चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चारांतला फार तर एकच कायम. तरी धावणं थांबलेलं नाही. आमचा एक विद्यार्थी उंचीत बसला नाही. आम्हाला म्हणाला, "सर, सक्तीची भरती असती तर मला कुणी परत पाठवलं नसतं." सक्ती म्हणजे स्वातंत्र्याचा संकोच, हे आम्ही जन्मभर फळ्यावर लिहीत आलो आणि याला सक्तीच हवी होती! (तपासणी सक्तीतही असते, हे त्याला सांगायचं आम्ही टाळलं.)

आपल्या सैन्यात सक्ती नाही. दुसऱ्या महायुद्धातली पंचवीस लाखांची हिंदी फौजसुद्धा स्वेच्छेची. अर्थात घरात दाणा नसेल तर स्वेच्छा किती उरते, हा प्रश्न आहेच. पण घटनेनं दार बंद केलेलं नाही. कलम २३ वेठबिगारीला मनाई करतं, आणि त्याचंच दुसरं उपकलम सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला देतं. अट अशी की धर्म, वंश, जात, वर्ग एवढ्यावरून भेद करायचा नाही. ही अट लक्षात असू द्या.

मग मराठी पोरांनी ही सक्ती अनुभवली कुठं? इस्रायलमध्ये. कोकणातले बेने इस्रायल, गावात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांची मायबोली मराठी. शिपाईगिरी त्यांना नवी नव्हती. कंपनीच्या फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. पण ते आपखुशीनं फौजेत जात. १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले, तिथं १९४९ चा कायदा होता. अठरा पूर्ण झालं की बोलावणं. मुलग्यांना अडीच वर्षं, पुढं तीन. मुलींनाही, थोडी कमी. सुटल्यावर राखीव दल आहेच. घरी आईशी मराठीत भांडणारा पोरगा आता हिब्रूत हुकूम ऐकायचा. बरोबरीला कुणी मोरोक्कोचा, कुणी इराकचा, कुणी पोलंडचा.

गणवेश सगळ्यांना सारखाच. आणि १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठानं विवाह नोंदणाऱ्यांना सांगितलं की बेने इस्रायलांचं दुसऱ्या यहुद्याशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ जमेल तितकी मागं तपासा. आता त्या पोराच्या जागी उभं राहून बघा. बंदूक हातात देताना आजीची आजी कोण, हे कुणी विचारलं नव्हतं! १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये संसदेनं ठराव केला की हे सर्व बाबतीत बरोबरीचे यहुदी आहेत. मग सूचनेतून त्यांचं नाव गेलं. तीनच वर्षांनी, १९६७ च्या जूनमध्ये, युद्ध झालं.

आमचं मत असं की सक्तीनं त्यांना समानता दिली नाही, समानता मागायचा आधार दिला. उलट बाजूही बघा. त्याच देशातल्या मुस्लिम अरब नागरिकांना हे बोलावणंच जात नाही. सुटका वाटते, पण सेवेला जोडून येणाऱ्या सवलतींतूनही ते सुटतात. आपल्या कलम २३ मधली अट इथं आठवते. आमच्या विद्यार्थ्याला बोचत होतं ते हेच: आपल्याला कुणी बोलावलंच नाही.

तो पुढं पोलीस भरतीत लागला. तिथं १६५ सेंटिमीटर चालतात.