फुटाणे, कढण, ठेचा

मागच्या हिवाळ्यात एका ट्युनिशियन कथेचा फ्रेंचमधून अनुवाद करताना मी एका शब्दापाशी आठ दिवस अडले. कथेतला माणूस गोदीकामगार आहे. पहाटे कामावर जाण्याआधी तो एका टपरीसमोर उभा राहतो, मातीचा खोल वाडगा हातात घेतो, त्यात शिळा पाव स्वतःच्या बोटांनी कुस्करतो आणि वाडगा पुढे करतो. टपरीवाला त्यावर उकळते छोले पाण्यासकट ओततो, वरून जिरेपूड, लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि लाल तिखटाचा गोळा घालतो. या पदार्थाचं नाव लबलाबी. पहिल्या खर्ड्यात मी ‘छोले’ लिहिलं. ते वाचताना माझ्याच डोळ्यांसमोर भटुरे आले आणि गोदीकामगार थेट दिल्लीला पोहोचला. ‘सूप’ लिहिलं तर तो हॉटेलात जाऊन बसला, समोर रुमाल घडी करून ठेवलेला.

शब्दाचं मूळ शोधायला गेले तर आणखी पंचाईत. लबलाबी हा शब्द तुर्की ‘लेबलेबी’वरून आला आणि तुर्कीत लेबलेबी म्हणजे भाजलेले हरभरे. म्हणजे सरळ आपले फुटाणे! ट्युनिसवर १५७४पासून ऑटोमन अंमल होता. त्या काळातले कितीतरी तुर्की शब्द तिथल्या अरबीत मुरले. हा शब्द प्रवासात भिजला, शिजला, फुगला, आणि कोरड्या फुटाण्यांचा रस्सा झाला. इराकमध्येही रस्त्यावर उकडलेले छोले याच नावाने मिळतात. शब्दाला प्रामाणिक राहायचं तर माझ्या गोदीकामगाराला पहाटे खिशातून फुटाणे काढून खावे लागले असते.

जबलपुरात राहून ट्युनिशियाच्या वाडग्यावर डोकं खपवणं विचित्र वाटेल, पण त्या वाडग्यातले दोन्ही दाणे, हरभरा आणि मसूर, इथल्या मातीत इतके जुने आहेत की परकेपणा फार वेळ टिकत नाही. जबलपूरच्या आसपासच्या सपाट काळ्या जमिनीला ‘हवेली’ म्हणतात आणि तिथल्या शेतीच्या जुन्या रीतीलाही तेच नाव आहे. शेताभोवती मातीचे बांध घालायचे, पावसाळाभर शेतात पाणी कोंडून ठेवायचं, खरिपाचं पीक घ्यायचंच नाही. शेत तीन महिने तळ्यासारखं उभं. तण पाण्याखाली कुजतं, काळी माती पोटभर पाणी पिते. मग पावसाळा सरल्यावर बांध फोडून पाणी खालच्या शेतात सोडायचं, तिथून त्याच्या खालच्या, आणि ओल धरून बसलेल्या जमिनीत गहू, हरभरा, मसूर पेरायची. पुढे एक थेंब पाणी नाही दिलं तरी पीक हाती येतं. यातली खरी गोम शेजारधर्माची आहे. वरच्याने पाणी कधी सोडायचं हे खालच्याला विचारून ठरवावं लागतं, नाहीतर पेरणी बुडते. गहू आणि हरभरा एकत्र पेरलेल्या पिकाला इथे ‘बिर्रा’ म्हणत. एक बुडालं तर दुसरं हाताशी राहावं, एवढा साधा हिशेब.

ही रीत आता आटत चालली आहे. सोयाबीन आलं तेव्हा पावसाळ्यात शेत रिकामं ठेवणं वेडेपणाचं वाटायला लागलं. बरगी धरणाचे कालवे आले तसे भात, गहू आणि मटार वाढले. मध्य प्रदेश अजूनही हरभरा आणि मसूर पिकवण्यात देशात अग्रभागी आहे, इथल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने हरभऱ्याचे जे वाण काढले त्यांची ‘जेजी’ ही आद्याक्षरं दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. तरी निवाडगंजातल्या दुकानात मसुरीचं पोतं उलटं करून पाहिलं तर त्यावर कॅनडाचं नाव असू शकतं. दुकानदार म्हणाला, “दीदी, दाल तो दाल है.” मी वाद घातला नाही.

मसुरीबद्दल मात्र मला वाद घालायचा आहे, आणि तो घरच्यांशी. आमच्या घरी चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं यांच्या जोडीला मसूरही बंद असे. आत्याच्या लेखी ती तामसी, जवळजवळ मांसाच्या रांगेतली, रंगामुळे असावं. आणि त्याच घरात श्रावणी सोमवारी रुद्राची आवर्तनं व्हायची. रुद्रानंतर जो चमक म्हणतात त्याच्या चौथ्या अनुवाकात भक्त देवाकडे धान्यांची यादीच मागतो: साळी, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, आणि त्या यादीत मसूर आहे. ऋषी हात जोडून मसूर मागतोय आणि मागल्या दाराशी आत्या ती डब्यात बंद करून ठेवतेय. मी एकदा हे तिला दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “अगं, मागितली असेल. चातुर्मासात खाल्ली असं कुठं लिहिलंय?” तुलनात्मक साहित्याच्या एम.ए.त मला याहून चोख पाठचिकित्सा कोणी शिकवली नाही.

आणि आत्याच्या डब्यापेक्षा मसूर फार जुनी. जबलपूरच्या भेडाघाटावरून जी नर्मदा जाते, तीच पुढे महेश्वरला पोहोचते. तिथे पैलतीरावर नावडातोली आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२-५३ आणि १९५७-५९मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण युगातल्या घरांत जळके दाणे सापडले. त्यांत गहू होता, वाटाणा होता, लाख होती, जवस होता, आणि मसूर होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वी नर्मदाकाठी कोणीतरी मसूर शिजत ठेवली होती. ही पिकं मुळात पश्चिम आशियातली. हरभऱ्याचा रानटी पूर्वज आजही फक्त आग्नेय तुर्कस्तानच्या टेकड्यांवर उगवतो. तिथून एक वाट पश्चिमेला भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने आफ्रिकेत गेली, दुसरी पूर्वेला आपल्याकडे आली. आपला बारीक तपकिरी हरभरा पूर्वेच्या वाटेचा. पश्चिमेला जो मोठा, पांढरा, पातळ सालीचा झाला तो पुष्कळ नंतर अफगाणिस्तानातून इकडे उतरला आणि आपण त्याला ‘काबुली’ म्हणून मोकळे झालो. ट्युनिसच्या वाडग्यातला दाणा हा त्यातला.

शब्दांच्या बाजूनेही मसूर मोठी उद्योगी. लॅटिनमध्ये मसुरीला ‘लेन्स’ म्हणत. सतराव्या शतकात काचेचं भिंग दोन्हीकडून फुगीर, मसुरीच्या दाण्यासारखं दिसलं म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. अरबीत मसूर म्हणजे ‘अदस’, आणि भिंगालाही ‘अदसा’ म्हणतात. आपल्याकडे मसुरीने वेगळी वाट धरली. आयुर्वेदात देवीच्या रोगाला ‘मसूरिका’ म्हटलं, कारण अंगावरचे फोड मसुरीएवढे. एकाच दाण्याकडे पाहून कोणाला दुर्बीण आठवली, कोणाला देवी.

तिखटाच्या गोळ्याचं भाषांतर मात्र एका फटक्यात झालं. त्याचं नाव हरिसा. अरबी धातूचा अर्थ कुटणं, ठेचणं. म्हणजे ठेचा! सुक्या लाल मिरच्या भिजवायच्या, लसूण, धणे, शहाजिऱ्याच्या जातीची कॅरवे आणि मीठ घालून वाटायच्या, वर तेलाचा थर. काश्मीरमध्ये थंडीत पहाटे जो हरिसा खातात तो याच धातूचा, पण तिथे मिरचीऐवजी मांस घोटलेलं. मिरची अमेरिकेतून आली, तेव्हा ट्युनिशियाचा हरिसा आणि वऱ्हाडाचा ठेचा दोघेही कोलंबसानंतरचे. तरी दोघांच्या गावी ते अनादी समजले जातात. २०२२मध्ये युनेस्कोने हरिसाला मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ठेच्याने अजून अर्ज केल्याचं ऐकिवात नाही.

जबलपूर आणि ट्युनिशिया यांची एक गाठ मात्र शब्दांची नाही. १९४३च्या वसंतात चौथी भारतीय डिव्हिजन ट्युनिशियात लढत होती. एप्रिलच्या सुरुवातीला वादी अकारितच्या डोंगरात सुभेदार लालबहादूर थापा यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. १९-२० एप्रिलच्या रात्री जेबेल गार्सीवर राजपुताना रायफल्सचे कंपनी हवालदार मेजर छैलूराम जखमी असूनही लढत राहिले आणि तिथेच मेले. त्यांना तो सन्मान मरणोत्तर मिळाला, आणि स्फाक्सच्या युद्धस्मशानात त्यांची जागा आहे. १२ मे रोजी जर्मन सेनापती फॉन आर्निम याच डिव्हिजनच्या हाती सापडला. (जेबेल म्हणजे अरबीत डोंगर. जबलपूरचं नावही त्यावरूनच पडलं, असं सांगणारे इथे पुष्कळ आहेत. जाबाली ऋषींचं नाव घेणारे त्यांच्याशी भांडतात. मी दोन्ही पक्षांकडे जेवते.) गोऱ्या सैनिकाच्या शिध्यात डब्यातलं मांस आणि बिस्किटं, हिंदी सैनिकाच्या शिध्यात आटा, डाळ, तूप. ज्या मुलखात हजारो वर्षं मसूर आणि हरभरा रांधला जातो त्या मुलखात डाळ पोत्यांतून, समुद्रमार्गे, लढायला आली होती.

या सैन्याचे संदेश तारेने आणि बिनतारी यंत्राने पोहोचवणारे हिंदी सिग्नलमन ज्या केंद्रांत तयार होत त्यांतलं एक मोठं केंद्र जबलपूर. लढाई संपली आणि तीन वर्षांत डाळीचा प्रश्न इथेच उभा राहिला. १८ फेब्रुवारी १९४६ला मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावरच्या खलाशांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा ही त्यांची पहिली गाऱ्हाणी होती. त्यातून नौदलाचं बंड पेटलं. २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधले सुमारे १७०० जवान काम सोडून छावणीबाहेर पडले आणि घोषणा देत शहरात आले. आझाद हिंद सेनेविषयी सहानुभूती होती, मुंबईतल्या गोळीबाराचा राग होता, आणि मागण्यांमध्ये पगार, राहण्याची सोय आणि जेवण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीचं असावं हीही होती. ते बंड दडपलं गेलं. कोर्टमार्शल झाले, अनेकांची नोकरी गेली. नौदलाच्या बंडाला पुस्तकं, नाटक, स्मारक मिळालं. जबलपूरच्या सिग्नलमनना आमच्या शहरातही फार थोडे ओळखतात. अन्नाच्या गाऱ्हाण्याला इतिहासकार सहसा ‘तात्कालिक कारण’ म्हणतात आणि पुढे सरकतात. मला ते पटत नाही. ज्याच्या ताटात रोज खडे येतात त्याच्यासाठी साम्राज्य म्हणजे तेच ताट.

लबलाबीच्या वाडग्यातला पावही असाच. ट्युनिशियाच्या सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा सल्ला मानून धान्यावरचं अनुदान काढलं, आणि साध्या पावाची किंमत ८० मिलीमवरून १७० मिलीम झाली. २९ डिसेंबर १९८३ला दक्षिणेकडच्या वाळवंटाच्या कडेला दंगे सुरू झाले, आठवड्याच्या आत राजधानीत पोहोचले. गोळीबारात अनेक माणसं मेली. ६ जानेवारी १९८४ला अध्यक्ष हबीब बुरगिबा यांनी दरवाढ मागे घेतली. माझ्या कथेतला गोदीकामगार त्याच हिवाळ्यातला. हे नीट ध्यानात आलं तेव्हा मला कळलं की मी आठ दिवस चुकीच्या शब्दावर अडले होते. वाक्याचं वजन छोल्यांवर नव्हतंच. ते ‘शिळा पाव’ या दोन शब्दांवर होतं. तो माणूस पाव स्वतः कुस्करतो, टपरीवाल्याला कुस्करू देत नाही, कारण त्याला तुकडे मोजायचे आहेत.

मग मी एका रविवारी लबलाबी केली. काबुली हरभरे रात्रभर भिजवले, लसणीच्या पाकळ्या आणि मीठ घालून मंद आचेवर शिजवले. कुकर मुद्दाम लावला नाही, कारण या पदार्थात पाणी हेच मुख्य, आणि कुकरमध्ये दाणा मऊ होतो पण पाण्याला ती गढूळ, गोडसर चव येत नाही. जिरं कोरडं भाजून कुटलं. दुसऱ्या चुलीवर मसुरीचा शोरबा ठेवला, ट्युनिशियात थंडीत करतात तसा: कांदा, टोमॅटो, धणेपूड, ओव्याच्या कुळातल्या सेलरीची पानं, चमचाभर हरिसा. मसूर अर्ध्या तासात मोडून दाट होते, तिला रवीसुद्धा लागत नाही. आत्या जेवायला होती. चातुर्मास संपलेला होता. तिने शिळ्या पावाकडे पाहिलं, वाडग्यातलं पाणी चमच्याने चाखलं आणि म्हणाली, “हे तर कढण आहे गं. आजारपणात आई मुगाचं द्यायची.”

कढण! डाळ-कडधान्य शिजवून त्याचं पाणी प्यायचं, यासाठी मराठीत शब्द आहे आणि तो मला फ्रेंच शब्दकोशांच्या ढिगाऱ्यात सुचला नव्हता. आमटीला आंबट-गोड फोडणी लागते, वरणाला भात लागतो, कटाला पुरणपोळीचा सण लागतो. कढणाला काहीच लागत नाही. त्यात अशक्तपणा आहे, माया आहे, थोडी गरिबी आहे.

शेवटी अनुवादात मी ‘लबलाबी’ तसाच ठेवला आणि त्याच वाक्यात एकदा ‘हरभऱ्याचं कढण’ म्हटलं. हरिसाला ठेचा केलं नाही. ती माझी फाजील हौस होती. आणि पावाच्या वाक्यात क्रियापद बदललं. आधी तो पाव ‘तोडत’ होता. आता ‘कुस्करतो’. आत्याने त्या दिवशी दुसरा वाडगा मागितला, पण पाव नको म्हणाली, त्यात कालची पोळी घातली.